फळवाटप

मी रक्तपेढीतून पिशवी घेऊन जिना चढून वर आलो, तेव्हा अंबूआत्या केळं खात होती.

सावकाश, एकेक घास नीट चावून खात होती, आणि तिच्या कॉटभोवती दहा-बारा माणसं ती कशी खाते ते कौतुकाने बघत उभी होती. सगळ्यांच्या अंगावर पिवळे पट्टे होते. पट्ट्यांवर 'देत राहा, बरे राहा' असं छापलं होतं. एक फोटोग्राफर गुडघ्यावर बसून आत्याच्या तोंडाचा नेम धरत होता. कॉटच्या पायथ्याच्या दांडीला दोन सुतळ्यांनी बॅनर बांधला होता, आणि त्यावर एका माणसाचा हात जोडलेला, दात दाखवणारा फोटो होता. तोच माणूस त्याच दातांसह आत्याच्या उशाशी उभा होता आणि केळ्याची साल आपल्या हाताने खाली खाली ओढून तिला पुढचा घास मोकळा करून देत होता.

त्या बॅनरच्या मागे कॉटला एक पुठ्ठ्याची पाटी लटकत होती. सकाळी सिस्टरच्या मागे लागून मीच ती लावून घेतली होती. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'आज ऑपरेशन. तोंडाने काहीही देऊ नये.'

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. अजूनही बाजारात पिकलेल्या केळ्यांचा वास आला की माझी मूठ वळते.

आत्या बालवाडीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती. मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. खाजगी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणे, मी जन्मभर सरकारची नोकरी केली, आता दुरुस्तीही सरकारनेच करावी. म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयात, बायकांच्या हाडांच्या वॉर्डात, ती पायाला वजन लटकवून उताणी पडली होती. आठवडा उलटून गेला होता. ऑपरेशन करणारा डॉक्टर होता, टेबल होतं, दिवाही होता. भूल देणारा डॉक्टर मात्र नव्हता. त्या जागेवर कुणी टिकत नसल्यामुळे शेजारच्या तालुक्यातून मोहरीर नावाचे एक भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदा यायचे. मागच्या खेपेला त्यांनी आत्याला भूल द्यायची, तर आत्याला ताप होता. या खेपेला ताप नव्हता. केळं होतं.

मी सिस्टरला हाक मारली. वाघचौरे सिस्टर आल्या, त्यांनी केळ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि त्या इतक्या शांतपणे "गेलं" म्हणाल्या की मला वाटलं कुणीतरी वारलंच.

मी आत्याला विचारलं, की तुला माहीत होतं ना. काल संध्याकाळपासून तीनदा सांगितलं होतं ना.

"माहीत होतं रे," आत्या म्हणाली. तिच्या ओठाला अजून केळं लागलेलं होतं. "पण तो हात पुढे करून उभा होता. किती वेळ उभं ठेवायचं माणसाला?"

हे आमच्या घराण्याचं दुखणं. कुणी खायला पुढे केलं की नाही म्हणता येत नाही. लग्नात आमच्या पंगतीला वाढपी धावत येतात. माझे वडील मधुमेही असताना अशाच कुणाच्या तरी आग्रहाचं ताट रिकामं करून मोठ्या समाधानाने अतिदक्षता विभागात गेले होते.

दातवाल्या माणसाचं नाव विद्याधर कोठावळे. फरशांचं मोठं दुकान, आणि फावल्या वेळात 'बरे राहा परिवार' नावाच्या संस्थेचा संस्थापक. मी त्याला नावाने ओळखत होतो. मी तेव्हा आमच्या गावच्या दैनिकात उपसंपादक होतो आणि वर्षानुवर्षं अशा फोटोंखालच्या ओळी लिहीत होतो. रुग्णांना फळे वाटताना डावीकडून अमुक, तमुक, फलाणे आणि मान्यवर. एका सफरचंदाला नऊ माणसं हात लावून उभी असतात आणि सफरचंद ज्याचं, तो रुग्ण फोटोत कडेला अर्धाच येतो. त्याचं नाव कुणी लिहून आणत नाही.

मी कोठावळेला बॅनर उचलून मागची पाटी दाखवली. त्याने ती वाचली. त्याला खरोखर वाईट वाटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. त्याने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, सोडला, आणि सगळ्या परिवाराला तसं करायला सांगितलं. दहा-बारा माणसांनी वॉर्डात श्वास घेतला आणि सोडला. मग तो म्हणाला की आजींचं ऑपरेशन आज व्हायचं नसेल, त्यामागे काही चांगलं असेल.

"त्यामागे तुम्ही आहात," मी म्हणालो.

"सर, तुम्ही रागात आहात."

"हो."

"रागाने रक्तदाब वाढतो. मलाही होता. गोळ्या चालू होत्या, झोप नव्हती, घरात भांडणं. मग द्यायला लागलो. फळं, चादरी, वह्या. आज गोळ्या बंद." त्याने माझा हात हातात घेतला. त्याचे हात मऊ आणि कोरडे होते. "शास्त्र आहे सर हे. दुसऱ्याला दिलं की आपल्याला बरं वाटतं. तुम्ही आज एक करा. कुणाला तरी काहीतरी द्या, कुणीही असो. हलकं वाटेल."

म्हणजे त्याचा रक्तदाब उतरावा म्हणून माझी आत्या आणखी एक आठवडा पायाला विटा बांधून पडणार होती. आणि मी अमुक एक गोष्ट त्याला त्याच क्षणी द्यायला तयार होतो, पण हातात रक्ताची पिशवी होती.

जाताना त्यांनी झाल्या गोष्टीबद्दल म्हणून आत्याच्या उशाशी सफरचंदांची एक जास्तीची पिशवी ठेवली.

रक्ताची पिशवी सिस्टरकडे देऊन मी तक्रार करायला खाली मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेबांच्या अंगावर पिवळा पट्टा होता. उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं होतं. ते म्हणाले, लेखी द्या. मग हळूच म्हणाले, की पण कशाला, चांगली माणसं आहेत.

वर आलो तर डॉक्टर पाखरे, म्हणजे आत्याचं ऑपरेशन करणारा तरुण डॉक्टर, माझीच वाट बघत होता. त्याने मला खिडकीपाशी नेलं. आत्याच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या आणि छातीत कफ भरत होता. या वयात माणूस खुब्याने जात नाही, पडून राहण्याने जातो, असं तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात ती टेबलावर घेण्याजोगी राहीलच असं तो सांगू शकत नव्हता. बोलताना तो माझ्याकडे न बघता खिडकीबाहेरच्या सायकलस्टँडकडे बघत होता, त्यावरून मला सगळं कळलं.

"केळंच आहे," तो म्हणाला. "दुपारनंतर पोट रिकामं होईल. मी थांबायला तयार आहे. मोहरीर सर थांबले तर आजच करतो."

मोहरीर खाली चहा पीत होते. बारीक, वैतागलेले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना दुपारी त्यांच्या तालुक्याला एक बाळंतिणीची केस होती, ती टाळता येणार नव्हती. ती आटोपली की ते परत यायला तयार होते. पण त्यांची गाडी गॅरेजला होती, ते एसटीने आले होते, आणि दुपारनंतर त्या बाजूने इकडे यायला एसटी नव्हती. कुणीतरी त्यांना न्यायचं, थांबायचं, परत आणायचं आणि रात्री घरी सोडायचं, असं जमत असेल तर बघा, म्हणाले. मी माझी स्कूटर म्हणालो. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यांना पट्टा होता. कोठावळेच्या जातीचा नव्हे, कंबरेचा.

पुढचा पाऊण तास मी वाहनाच्या मागे धावलो. लग्नाची तीथ होती. गावातली प्रत्येक जीप कुठल्या ना कुठल्या वरातीला गेली होती. एका जीपवाल्याने मला फोनवरच नवरीकडचा समजून कुठवर आलात असं विचारलं. रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने समजावून सांगितलं की रुग्णवाहिका रुग्णासाठी असते, डॉक्टरसाठी नाही, आणि डॉक्टर आजारी पडला तर मात्र विचार करता येईल.

आणि मग मला पोर्चमध्ये कोठावळेची गाडी दिसली. पांढरी, लांबलचक, मागच्या काचेवर तेच ब्रीदवाक्य. ड्रायव्हर फळांच्या रिकाम्या क्रेट डिकीत भरत होता. कोठावळे शेजारीच उभा राहून फोटोग्राफरकडून फोटो बघत होता. मला वाटलं, आता झालंच. जन्मभर असल्या ज्या माणसांची टिंगल केली त्यांच्यातल्याच एकापुढे हात पसरायला लागणार, याचीही मला त्या वेळी लाज वाटली नाही. मी धावत गेलो आणि सगळं सांगितलं.

त्याने सगळं ऐकलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आज दोन कार्यक्रम अजून बाकी आहेत, म्हणाला. वृद्धाश्रमात चादरी, मग मूकबधिर शाळेत वह्या, आणि तिथे पत्रकार येऊन बसलेत. गाडीत चादरी आहेत. उद्या असतं तर नक्की केलं असतं.

"कोठावळेसाहेब, उद्या भूल देणारा नाही."

"मी आजींसाठी प्रार्थना करतो, सर. आम्ही सगळे करू. सामूहिक."

"प्रार्थनेला पेट्रोल लागत नाही," मी म्हणालो.

तो हसला. राग आला नाही त्याला. तेच असह्य होतं. मी आयुष्यात कधी कुणाची गचांडी धरली नव्हती. त्या दिवशी धरायला गेलो, तर त्याच्या गळ्यात पट्टा होता आणि तो सेफ्टीपिनने लावलेला असल्यामुळे माझ्या हातात सुटून आला. ड्रायव्हर क्रेट टाकून धावला. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. साधारण सारांश असा, की तुमचं देणं म्हणजे औषध आहे, ते तुम्ही स्वतः घेता आणि बाटली आमच्या अंगावर फोडता. पोर्चमधली माणसं गोळा झाली. कोठावळे मिटल्या डोळ्यांनी श्वास घेत, सोडत उभा होता. मग तो गाडीत बसून चादरी वाटायला गेला.

मी पट्टा तिथेच टाकून वर आलो. पायऱ्यांवर डोकं ठणकत होतं. ते तसंही आठ दिवस ठणकतच होतं. दोन दिवस मी नीट जेवलो नव्हतो. डबा उघडायचो आणि तसाच बंद करायचो.

आत्याच्या शेजारच्या कॉटवर सगुणाबाई आवारे नावाच्या बाई होत्या. कडबा उतरवताना टेम्पोवरून पडल्या होत्या आणि दोन्ही हात मोडले होते. दोन्ही हातांना खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर, आणि ते असे समोर धरलेले की बाई कुणालातरी ओवाळायला निघाल्यासारख्या दिसायच्या. त्यांचा नवरा निवृत्ती आवारे टेम्पोचा मालक. या माणसाचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वैर होतं. दोन कॉटांमध्ये एक स्टूल होतं. मी डबा आणायला गेलो की आवारे त्यावर बसायचा आणि मी परत आलो की माझ्याकडे न बघता बसून राहायचा. तो बिडी ओढायला गेला की मी बसायचो. आठ दिवसांत आम्ही एकमेकांशी जे काही बोललो ते स्टुलाबद्दल होतं, आणि शेवटचे दोन दिवस तेही बंद होतं.

आवारे खिडकीतून सगळं बघत होता. माझा आवाज वरपर्यंत आला असणार. मी कॉटशी आलो तेव्हा तो स्टुलावरून उठला, ही पहिलीच वेळ.

"कुठं न्यायचाय डॉक्टर?"

मी सांगितलं.

"टेम्पोत बसंल का?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी म्हणालो, की तुम्हाला काय करायचंय.

"मला तुमची कटकट ऐकवत नाही," आवारे म्हणाला. "सकाळपासनं नुसता कालवा. म्हातारी एकदा आत गेली की तुम्ही भाईर बसाल. स्टूल मला मोकळं होईल." मग चप्पल घालता घालता त्याने हनुवटीने बायकोकडे खूण केली. "हिच्याकडं बघा. तिला काय पायजे ते ती सांगती. लाजत नाय."

मी काही बोलण्याआधी तो जिना उतरून गेला. खिडकीतून मी पाहिलं. मोहरीरांनी टेम्पोकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, कंबर धरली आणि आवारेच्या शेजारी चढून बसले. टेम्पोच्या मागे कडब्याच्या काड्या उडत होत्या.

आत्या उपाशीपोटी डोळे मिटून पडली होती. मी स्टुलावर बसलो. आता फक्त वाट बघायची होती. टेम्पो बंद पडला तर, बाळंतीण अडली तर, डॉक्टरची कंबर धरली तर. मी कोठावळेला लिहायच्या पत्राची मनात जुळवाजुळव करू लागलो. पहिलं वाक्य फार चांगलं जमलं होतं.

"भाऊ," सगुणाबाई म्हणाल्या, "नाक खाजवा."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझं," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं खाजतंय. फोटोवाले व्हते म्हणून गप बसले."

मी इकडेतिकडे बघितलं. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या. बायकांच्या वॉर्डात पुरुष नातेवाईक म्हणून बसतो तेव्हा नजर कुठे ठेवायची याचे काही नियम असतात आणि ते मी आठ दिवस काटेकोर पाळले होते. परक्या बाईच्या नाकाबद्दल त्यात काही नव्हतं. मी बोट पुढे केलं आणि टेकवलं.

"खाली. आणखी खाली. जोर लावा की, नाकच हाय, काय तुटतंय व्हय?"

वॉर्डात कुणीतरी फिस्सकन हसलं. मी जोर लावला. बाईंनी डोळे मिटले आणि असा उसासा टाकला की मला एकदम कुणाच्या तरी देवघरात चपलेसकट शिरल्यासारखं वाटलं.

मग पाणी पाजलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला. पाखरे मध्ये येऊन आत्याची नाडी बघून गेला. मी पत्राचं दुसरं वाक्य शोधत होतो.

"भाऊ, एक काम हाय. जरा वंगाळ हाय."

मी म्हणालो, सांगा.

त्यांना मिश्री लावायची होती. उशीखाली पत्र्याची डबी होती, त्यात भाजून कुटलेली काळी मिश्री. रोज सकाळ-दुपार आवारे त्यांना लावून द्यायचा. मी कितीदा तरी पाहिलं होतं आणि किळस येऊन तोंड फिरवलं होतं. आज आवारे डॉक्टर घेऊन तालुक्याला गेला होता. बाई म्हणाल्या, सकाळची राहिली, डोस्कं फुटायला लागलंय, पण तुम्हाला नको वाटत असंल तर राहू द्या.

मी एम.ए. आहे. तंबाखूच्या दुष्परिणामांवर मी तीन अग्रलेख लिहिले आहेत. मी ते त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही हात ओवाळणीला धरलेले, कपाळावर घाम, आणि तोंड लहान मुलासारखं अर्धवट उघडं. मागितलं याची शरम होती आणि हवंच होतं.

मी डबी उघडली. चिमूटभर पूड डाव्या तळहातावर घेतली, उजव्या हाताची तर्जनी त्यात दाबली आणि सगुणाबाईंच्या हिरडीला लावली. ओल्या, गरम हिरडीवर माझं बोट जरा घसरलं. "मागल्या दाढंकडं," त्या बोट तोंडात असतानाच म्हणाल्या. मी मागच्या दाढेकडे गेलो. आवारे कसा गोल फिरवायचा ते आठवून तसं फिरवलं. एका बाजूचा एक दात हलत होता, तिथे हळू केलं. बाईंचे खांदे खाली आले. बायका आता हसत नव्हत्या. त्या आपापल्या कामाला लागल्या होत्या, म्हणजे पडून राहायच्या कामाला.

पिंक टाकायला मी त्यांच्या हनुवटीखाली भांडं धरलं, मग ओल्या फडक्याने तोंड पुसलं. किळस येईल म्हणून मी वाट बघत होतो. आली नाही.

"आमचा माणूस तोंडाचा वाईट हाय," सगुणाबाई म्हणाल्या, "पण बोट लई हलकं लावतो. तुमचं बी बरं हाय. शिकाल."

मग त्या बोलत बसल्या. टेम्पोचं नाव, म्हशीचं नाव, सुनेची तक्रार. मी ऐकत होतो. पत्राचं पहिलं वाक्य मला आठवेना. मी त्यांचं डोकं खाजवून दिलं, वेणी सोडून पुन्हा घातली. फार वाईट घातली. आत्याने डोळे उघडून ती वेणी पाहिली आणि म्हणाली, "शिऱ्या, अरे ती काय दोरी वळतोयस?" आठ दिवसांत आत्या पहिल्यांदा मला हसली.

उन्हं कलली. टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा मी खिडकीशी जाऊन बघायचंही विसरलो होतो. मोहरीर जिना चढून वर आले. त्यांच्या केसांत कडबा होता आणि ते आवारेच्या गाडी चालवण्याबद्दल काहीतरी पुटपुटत होते. बाळंतीण मोकळी झाली होती. पाखरेने धावत जाऊन दिवे लावले. आत्याचं स्ट्रेचर दारातून आत जाताना तिने मान वळवून सगुणाबाईंकडे बघितलं आणि हात हलवला. त्यांना उलट हलवता येईना, तर त्यांनी दोन्ही प्लास्टरं उचलली.

आवारे स्टुलावर बसला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लावली का हिला?"

मी हो म्हणालो.

"बरं." त्याने पिशवीतून भाकरीचं फडकं सोडलं. चुलीवरची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी. बायकोला एक घास भरवला आणि दुसरा घास मोडता मोडता फडकं जरासं माझ्या बाजूला सरकवलं. आग्रह केला नाही.

मी खाली जमिनीवर बसलो आणि खाल्लं. एक भाकरी खाल्ली, दुसरी घेतली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. तिसरी भाकरी हातात घेतली तेव्हा मला कळलं की मला भूक लागली होती, भयंकर, लहानपणी पोहून आल्यावर लागायची तशी. आत ऑपरेशन चाललं होतं, आत्या वाचेल की नाही हे अजून कुणाला माहीत नव्हतं, आणि मी भिंतीला टेकून ठेचा मागून घेत होतो.

आणि त्याच घासाला मला कोठावळे आठवला. कुणाला तरी काहीतरी द्या, कुणीही असो. हलकं वाटेल.

मला संताप आला. पोर्चमध्ये आला होता त्याहून मोठा. त्या माणसाने आत्याला केळं भरवलं, गाडी दिली नाही, सामूहिक प्रार्थनेचं आश्वासन दिलं, चादरी वाटायला गेला. आणि तो म्हणाला होता ते खरं होतं. एवढं सगळं करून वर त्याचं खरंही असावं, याला काही न्याय आहे का? मी बराच वेळ तो घास तोंडात तसाच धरून बसलो होतो. मग गिळला, आणि उरलेली भाकरी संपवली. भूक काही गेली नाही.

आत्याचं ऑपरेशन नीट झालं. पुढे ती वॉकर घेऊन चालायला लागली, मग काठी घेऊन, आणि नंतर कित्येक वर्षं लोकांनी पुढे केलेलं सगळं खात राहिली. त्या संध्याकाळी आवारेने मोहरीरांना घरी सोडायला पुन्हा टेम्पो काढला. जाताना मी त्याचे आभार मानायला गेलो तर तो म्हणाला, स्टुलावर बसू नका, मी आलो की लागंल.

दिवेलागणीला कोठावळे आला. एकटाच, पट्ट्याशिवाय. त्याच्या हातात फळं नव्हती. आजी कशा आहेत म्हणाला. मी सांगितलं, ऑपरेशन झालं. त्याने डोळे मिटले. मला वाटलं आता श्वास घेणार, पण त्याने तो घेतला नाही. तसाच उभा राहिला. दिवसभर त्याच्या मनात तेच होतं, असं म्हणाला. वह्या वाटतानाही तेच. मग त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. मी सगुणाबाईंच्या कॉटशी जमिनीवर बसलो होतो, बोट काळं झालेलं होतं, आणि समोर रिकामं फडकं.

"सर, तुमचा चेहरा वेगळा दिसतोय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी आशा होती की ऐकवत नव्हतं. "बरं वाटतंय का?"

मी म्हणालो, "डोकं फार दुखतंय."

दुखत नव्हतं. आठ दिवसांत प्रथमच दुखत नव्हतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी त्या माणसाला रात्री झोप लागली असती. मागून मागून त्याने माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, आणि त्या क्षणी द्यायला माझ्याकडे ते भरपूर होतं. सगुणाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी फडकं झटकलं, घडी घातली आणि त्याला म्हणालो, "या आता."